वरूनच प्रॉब्लेम आहे

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील घरांत इंटरनेटवरून चाललेले बोलणे मध्येच तुटले, तर दोष कोणाचा हे ठरवण्याची एक रूढ पद्धत आहे आणि तिचे तत्त्व असे, की दोष जितका लांबचा तितका तो अधिक विश्वासार्ह. हिंजवडीत नोकरीला असलेल्या मुलाचा चेहरा पडद्यावर अर्ध्या उघड्या तोंडाने थिजून राहिला, की प्रथम टॉवरचे नाव निघते, मग कंपनीचे, मग सरकारचे. पावसाळा असेल तर ढगांचे आणि उन्हाळा असेल तर उन्हाचे. केबलवाल्याला फोन लावला तर तोही याच परंपरेत वाढलेला असल्यामुळे ‘वरूनच प्रॉब्लेम आहे’ एवढे सांगून मोकळा होतो. हे ‘वरून’ म्हणजे नेमके कोठून, आळेफाट्याहून, पुण्याहून की थेट मुंबईहून, असे त्याला कोणी विचारत नाही, कारण उत्तर मिळाले तरी त्याचे पुढे करायचे काय, हा प्रश्न विचारणाऱ्यापुढे असतोच. वस्तुतः अशा तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ शेवटच्या वीस-पंचवीस हातांत, म्हणजे कपाटावर लुकलुकणाऱ्या डब्यापासून आजोबांच्या हातातील मोबाईलपर्यंतच्या अंतरात असते. परंतु आपल्या घरात खोट शोधण्याची रीत लग्नाच्या बोलणीतही नाही, ती इंटरनेटच्या बाबतीत कोठून यावी?

दूरसंभाषणाशी या मुलखाचा असलेला जुना संबंध पाहता हा प्रकार नवलाचाच म्हणावा लागतो. पुणे जिल्ह्यातून विलायतेशी थेट बिनतारी संदेशवहन सुरू झाले ते १९२७ मध्ये. त्या सेवेत संदेश धाडण्याचे केंद्र खडकीला होते आणि तिकडून आलेले संदेश दौंडला झेलले जात, म्हणजे तोंड एका गावी आणि कान दुसऱ्या गावी अशी ती व्यवस्था होती. घरगुती इंटरनेटमध्ये तोंड आणि कान एकाच डब्यात आले असले, तरी दोघांची कुवत आजही वेगवेगळीच मोजावी लागते. घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीला अपलोड आणि बाहेरून घरात येणाऱ्या माहितीला डाउनलोड म्हणतात, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो. मोबाईलच्या जोडणीत तर हा भेद ठरलेलाच, कारण टॉवरचे प्रक्षेपण जोरकस असते आणि खिशातल्या फोनचे, त्याच्या बॅटरीच्या मानाने, क्षीण. सिनेमा पाहणे हे निव्वळ घेण्याचे काम असल्यामुळे त्याला डाउनलोड पुरते. व्हिडिओ कॉलला मात्र देणे आणि घेणे सारखेच लागते, बऱ्यापैकी चित्रासाठी दर सेकंदाला साधारण एक ते दीड मेगाबिट जाताना आणि तितकेच येताना. (बिट म्हणजे शून्य किंवा एक एवढीच खूण, असे आठ बिट मिळून एक बाईट, आणि मेगा म्हणजे दहा लाख, कंपन्या वेग बिटमध्ये सांगतात आणि फोनमधील साठा बाईटमध्ये मोजला जातो, त्यामुळे शंभराचा प्लॅन घेणाऱ्यास हाती साडेबाराच पडल्यासारखे वाटते, त्यात फसवणूक अशी काही नसते.) ‘पिक्चर तर मस्त दिसतो, मग पोरीचाच फोन का अडकतो?’ या घरोघरच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. उरलेले अर्धे बफरिंगमध्ये, म्हणजे पुढचा भाग आगाऊ मागवून साठवून ठेवण्याच्या सोयीत आहे. सिनेमा आधीच तयार असल्यामुळे त्याची पुढची दोन मिनिटे फोनमध्ये उतरवून ठेवता येतात आणि मधल्या काळात जोडणी डळमळली तरी पाहणाऱ्यास पत्ता लागत नाही. पोरीने पुढचे वाक्य अजून उच्चारलेलेच नसते, ते आगाऊ साठवणार कसे?

खडकी-दौंडनंतरचा मान खुद्द जुन्नर तालुक्याचा. नारायणगावजवळच्या आर्वी येथे १९७१ मध्ये भारताचे पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झाले, त्याला विक्रम साराभाई यांचे नाव मिळाले, आणि तेथील सुमारे तीस मीटर व्यासाच्या तबकडीतून, हिंदी महासागरावरील इंटेलसॅट उपग्रहामार्फत, देशाचे परदेशी टेलिफोन जाऊ-येऊ लागले. मुंबईहून लंडनला लावलेला फोन अशा रीतीने आधी घाट चढून जुन्नर तालुक्यात येई आणि मग आकाशात जाई. त्याच तालुक्यातल्या माणसाला मुंबईच्या भावाशी बोलायचे असल्यास मात्र ट्रंक कॉल नोंदवून पोस्टातल्या बाकावर बसून राहावे लागे. दोष ‘वरून’ आहे असे म्हणण्याला खराखुरा आधार असलेला तो काळ, कारण उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो आणि शब्दाला तेवढे वर जाऊन तेवढेच खाली यावे लागे. रेडिओलहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात, तरी या ७२,००० किलोमीटरना पाव सेकंद लागतोच. प्रश्न जायला पाव आणि उत्तर यायला पाव असा अर्धा सेकंद गेल्यावर बोलणाऱ्यास वाटे की समोरच्याने ऐकले नाही, तो पुन्हा विचारी, तेवढ्यात पहिल्या प्रश्नाचे उत्तर येऊन थडके, आणि दोन्ही बाजूंनी ‘हां बोला’, ‘नाही, तुम्ही बोला’ अशी आर्जवे सुरू होत. या विलंबाला लेटन्सी म्हणतात. आज अमेरिकेचे बोलणे बहुतांशी मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या समुद्राखालच्या काचतंतूंतून जाते; काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला दोन लाख किलोमीटरपर्यंत घटतो, तरी रस्ता बराच जवळचा असल्यामुळे जाऊन-येऊन पाव सेकंदाच्या आसपास काम भागते. एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या सुमारे सातव्या हिश्श्याच्या आत असेल तर संभाषणात अडथळा जाणवत नाही, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मानक सांगते. ट्रंक कॉलच्या काळात घडलेल्या पिढीवर मात्र या सुधारणेचा काहीएक परिणाम झालेला नाही. आवाज अंतराच्या प्रमाणात चढवावा हा तिचा नियम अबाधित असून, मंचरशी बोलताना घरापुरता असलेला स्वर पुण्याला बोलताना अंगणापर्यंत आणि न्यू जर्सीला बोलताना वेशीपर्यंत पोहोचतो, आणि या शेवटच्या प्रकारात इंटरनेटची तशी गरजही उरत नाही.

लेटन्सी आणि बँडविड्थ या दोहोंची गल्लत सर्वांत महाग पडते, कारण तीपायी लोक मोठा प्लॅन घेतात. जुन्नरकरांना ती समजावून सांगण्यास नाणेघाटाइतके सोयीचे साधन नाही. सातवाहनांच्या काळापासून कल्याण-सोपाऱ्याकडचा माल याच अरुंद खिंडीतून जुन्नरच्या पेठेत चढत असे आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आजही उभा आहे. एका वेळी किती ओझ्याचे बैल शेजारी शेजारी चालू शकतात ही घाटाची रुंदी म्हणजे बँडविड्थ, आणि एका बैलाला पायथ्यापासून माथ्यापर्यंत लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी. खिंड दुप्पट रुंद केली तर माल दुप्पट चढेल, परंतु चढण काही कमी होणार नाही. तसा शंभराचा प्लॅन दोनशेचा केल्याने शिकागोचे उत्तर लवकर येत नाही, फक्त बिल लवकर येते. इंटरनेटवर बोलणे सलग जात नाही, त्याचे लहान लहान गठ्ठे बांधून प्रत्येकावर पत्ता आणि अनुक्रमांक घातला जातो, या गठ्ठ्यांना पॅकेट म्हणतात. सगळे बैल सारख्या अंतराने माथ्यावर पोहोचले तर पेठेचे काम सुरळीत चालते. कधी तीन एकदम आणि मग बराच वेळ एकही नाही असे झाले तर त्या अनियमितपणाला जिटर म्हणतात, आणि जो बैल दरीत गेला त्याची नोंद पॅकेट लॉस या सदराखाली होते.

हरवलेले पॅकेट पुन्हा मागवण्याची सोय इंटरनेटवर आहे, फोटो किंवा पीडीएफ पाठवताना ती वापरलीही जाते, आणि म्हणूनच सातबाऱ्याचा उतारा अर्धा पोहोचला असे सहसा घडत नाही. बोलण्याच्या बाबतीत मात्र ती सोय जाणूनबुजून टाळतात, कारण सेकंदापूर्वीचा हुकलेला शब्द आता येऊन उपयोग नाही. आवाजाच्या एका पॅकेटात साधारण वीस मिलिसेकंदांचे बोलणे मावते, म्हणजे सेकंदाला पन्नास पॅकेटे निघतात. त्यांतली एक-दोन गेली तर समोरचा फोन आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजाने भर घालतो, पाच-सात गेली की हा अंदाज चुकू लागून बोलणारा यंत्रमानवासारखा घरघरतो, आणि सलग वीस-पंचवीस गेली तर शब्दच्या शब्द गडप होतो. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येत असल्यामुळे या दोषाचे परिणाम विशेष गंभीर होतात. ‘यंदा द्राक्षाला भाव चांगला मिळाला नाही’ या वाक्यातील शेवटचा शब्द वाटेत पडला, तर तिकडून अभिनंदन येते आणि पाठोपाठ पोराच्या फ्लॅटच्या हप्त्याचा विषय निघतो. अशा वेळी महत्त्वाचा नकार दोनदा उच्चारावा, एवढी एकच शिफारस तंत्रशास्त्रातून निघते. ‘नाही, नाही’ म्हणण्याची आपली जुनी सवय त्या दृष्टीने पुरेशी शास्त्रशुद्ध आहे.

आता कपाटावरच्या डब्याकडे वळणे प्राप्त आहे. बाहेरून येणारा काचतंतू म्हणजे फायबर घराच्या भिंतीतून ज्या पेटीत शिरतो ती प्रकाशाच्या लुकलुकीचे विजेच्या खुणांत रूपांतर करते. या पेटीचे शास्त्रीय नाव ऑप्टिकल नेटवर्क टर्मिनल असे भारदस्त असले तरी सर्वत्र तिला मोडेमच म्हणतात आणि त्याने कोणाचे अडत नाही. घरातील सगळ्या फोनांना ती एकच जोडणी वाटून देणारा तो राउटर, आणि हे वाटप तारेविना, रेडिओलहरींनी करण्याच्या पद्धतीला वायफाय म्हणतात. मोडेम आणि राउटर बहुधा एकाच खोक्यात असतात. हे खोके कोठे ठेवावे याचा निर्णय तंत्रज्ञ आणि गृहिणी यांच्यात होतो व त्यात तंत्रज्ञाचे चालत नाही. लहरी चहूकडे पसरत असल्याने खोके घराच्या मध्यभागी, उघड्यावर आणि छातीच्या उंचीला असणे उत्तम. प्रत्यक्षात ते समोरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर, भिंतीला टेकवून, शेजारी पितळी समई आणि मागे गुंडाळलेले जाजम अशा बंदोबस्तात बसते, आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर क्रोशाचा रुमाल येतो. रुमालाने लहरी अडत नाहीत, फक्त डब्याला उकडते. लोखंडी कपाट मात्र लहरींना सरळ परतवून लावते, त्यामुळे कपाटाच्या पलीकडच्या खोलीत जे मिळते त्याला वायफाय म्हणणे औदार्याचे ठरेल.

बहुतेक राउटर दोन प्रकारच्या लहरी वापरतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी, म्हणजे सेकंदाला २४० कोटी आंदोलने होणाऱ्या, भिंतीतून तुलनेने बऱ्या आरपार जातात परंतु वेग कमी देतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असतात पण भिंत दिसली की दमतात. जुन्नर शहरातील जुन्या वाड्यांच्या दोन-दोन हात जाडीच्या दगडी भिंती हल्ले परतवण्यासाठी बांधल्या होत्या आणि ५ गिगाहर्ट्झच्या बाबतीत त्या ते काम अजून चोख बजावतात. पत्र्याच्या घरात अडचण उलटी असते: आतले वायफाय आत चांगले घुमते, पण ओट्यावर पाऊल टाकले की संपते, आणि टॉवरचा मोबाईल संकेतही पत्र्यावर आपटून बाहेरच राहतो. मंचरच्या नव्या इमारतींत भिंती पातळ आहेत, तेथे पीडा शेजाऱ्यांची. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे मार्ग, म्हणजे चॅनल, जेमतेम तीनच आहेत, १, ६ आणि ११. एका जिन्यावरचे सगळे राउटर त्या तिघांवर दाटीवाटी करतात, त्यात कोणाचा मायक्रोवेव्ह ओव्हन सुरू झाला की त्याच लहरींचा आणखी गोंगाट होतो, आणि तळमजल्यावर पापड भाजला गेल्याने तिसऱ्या मजल्यावरची मुलाखत थबकते.

संकेत आणि गोंगाट यांच्यातला हा झगडा शास्त्रशुद्ध रीतीने पाहायचा तर खोडदला जावे. नारायणगावच्या पूर्वेला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली आणि २००१ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली; चौदा तबकड्या मध्यभागी जवळजवळ आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या, दूरच्या दोन टोकांत सुमारे पंचवीस किलोमीटरचे अंतर, आणि प्रत्येक तबकडीपासून मध्यवर्ती इमारतीपर्यंत जमिनीखालून नेलेला फायबर. शिवारात फायबर पुरण्याचे काम येथे झाले तेव्हा तालुक्यातील बहुतेक घरांत साधा टेलिफोनही नव्हता. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून येणारे अतिक्षीण संकेत टिपायचे तर आसपास गोंगाट नको, म्हणून मानवनिर्मित रेडिओगोंगाट कमी असलेला हा मुलूख निवडण्यात आला, आणि दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला शाळांचे तांडे लोटतात तेव्हा मोबाईल बंद ठेवण्याची सूचना प्रत्येकाला ऐकावी लागते, कारण फोनच्या ९०० मेगाहर्ट्झसारख्या लहरी दुर्बिणीच्या ऐकण्याच्या टप्प्यातच येतात. विश्वाच्या दूरवरच्या कोपऱ्यातील हायड्रोजनचा हुंकार ऐकू येणाऱ्या तालुक्यात चिंचवडच्या आत्याचे ‘ऐकू येतंय का?’ ऐकू येत नाही, याबद्दल विज्ञानाकडे बोट दाखवण्यात मात्र अर्थ नाही. खोडदची तबकडी कोणी कपाटावर ठेवलेली नाही.

पत्त्यांविषयी थोडक्यात सांगणे पुरे. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता लागतो आणि जुन्या पद्धतीचे असे पत्ते साऱ्या जगात मिळून सुमारे ४३० कोटीच असल्यामुळे ते पुरत नाहीत. म्हणून बाहेर एकच पत्ता दाखवून आत फोनांना खाजगी पत्ते वाटण्याचे काम राउटर करतो. हे खाजगी पत्ते घरोघर तेच ते असतात, ओतूरच्या राउटरचा आणि शिकागोच्या राउटरचा घरातील पत्ता तंतोतंत १९२.१६८.१.१ असू शकतो, आणि त्यात कोणाचा मान कमी होत नाही. परिणाम इतकाच, की दोन्ही घरांचे राउटर अनोळखी पॅकेटाला दारातून परत पाठवत असल्याने त्यांची गाठ मध्यस्थ सर्व्हरशिवाय पडत नाही, आणि सूत जुळल्यावरही काही मध्यस्थ शेवटपर्यंत मध्येच राहतात. नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी सेवा ती डीएनएस. वायफायचा पासवर्ड हा बहुतांश घरांत थोरल्या नातवाचे नाव आणि १२३ असा असून तो सबंध आळीला पाठ असतो. आयपीएलच्या दिवसांत घरातला कॉल का अडकतो याचा शोध घेताना भिंतीपलीकडे बसलेल्यांची शिरगणती करणे उपयुक्त ठरते.

चित्राचा हिशेब अधिक मनोरंजक आहे. कॅमेऱ्याने टिपलेले चित्र जसेच्या तसे पाठवणे कोणत्याही प्लॅनला परवडणारे नसल्यामुळे कोडेक नावाची आज्ञावली ते आवळते, आणि तिची मुख्य युक्ती अशी, की मागच्या चित्रापेक्षा जेवढे बदलले तेवढेच पाठवायचे. पांढऱ्या भिंतीसमोर स्वस्थ बसलेले आजोबा या हिशेबात अत्यंत किफायतशीर ठरतात, कारण त्यांच्यात ओठांखेरीज काहीच बदलत नाही. त्याउलट द्राक्षबागेत किंवा उसाच्या बांधावर उभे राहून वाऱ्यात केलेला व्हिडिओ कॉल ही कोडेकची सत्त्वपरीक्षा असते. मागचे पान न् पान हलत असल्याने क्षणोक्षणी सगळेच नव्याने पाठवावे लागते, बिट अपुरे पडतात, आणि पोराला बाग दाखवण्याच्या उत्साहात बापासकट बागेचे हिरवे-करडे चौकोन होतात. व्यापाऱ्याला मालाचा रंग दाखवण्यासाठी केलेल्या कॉलमध्ये तर कॅमेरा उजेडाचा तोल स्वतःच्या मर्जीने सावरत असल्यामुळे लालभडक टोमॅटो केशरी दिसतो आणि भाव पडतो. ज्यांना रंगच दाखवायचा आहे त्यांनी कॉल सोडून सावलीत काढलेला फोटो पाठवावा. त्यात हरवलेले पॅकेट पुन्हा मागवले जाते हे वर आलेच आहे.

कॉल करणाऱ्या माणसाची बैठक हाही तंत्राचाच भाग मानला पाहिजे. ज्येष्ठ मंडळी व्हिडिओ कॉल आला तरी फोन सवयीने कानाला लावतात, त्यामुळे टेक्सासच्या नातवाला आजोबांची ओळख एका भव्य, केसाळ कानाच्या रूपाने होते. ‘आबा, फोन समोर धरा’ असे सांगितल्यावर तो इतका समोर धरला जातो की चष्म्याची वरची कड, कपाळ आणि पंखा एवढेच दिसत राहते. म्यूट म्हणजे आपला मायक्रोफोन बंद ठेवणे. पाच-सहा घरांच्या कॉलमध्ये बोलत नसलेल्यांनी तो बंद ठेवावा असा संकेत आहे, पण प्रत्यक्षात ज्याच्याकडे मिक्सर चालू असतो त्याचा मायक्रोफोन उघडा राहतो आणि ज्याला जमिनीच्या वाटपाविषयी खरोखर काही सांगायचे असते तो दहा मिनिटे मूकपणे हातवारे करतो. एकाच खोलीतून दोन फोन एकाच कॉलला जोडले, तर एकाच्या स्पीकरमधून निघालेला आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो, तो पुन्हा पहिल्यात येतो, आणि या प्रतिध्वनीच्या फेऱ्यांतून जी कर्कश शिट्टी तयार होते तिने साखरपुड्यातील गुरुजीसुद्धा मंत्र थांबवून वर पाहतात. स्वतःचा प्रतिध्वनी गाळण्याची सोय प्रत्येक फोनमध्ये असते. शेजारच्या काकूंच्या फोनमधला आवाज आपला आहे हे मात्र त्याला ओळखता येत नाही.

लांबचे दोष मुळीच नसतात असा याचा अर्थ नाही. आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या पाण्यामागे आहुप्याकडे आणि भीमाशंकरकडे सरकावे तसे सह्याद्रीची सोंड न् सोंड टॉवरच्या आड येते, आणि तेथे ‘रेंज नाही’ ही तक्रार अक्षरशः खरी असते. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आल्या तेव्हा डोंगरभागातील मुलांना अभ्यासासाठी टेकाड गाठावे लागले ते उगाच नव्हे. परंतु फोनच्या कोपऱ्यातील दांड्या फक्त टॉवर किती स्पष्ट ऐकू येतो एवढेच सांगतात, त्याला एकाच वेळी किती जण हाका मारत आहेत हे सांगत नाहीत. श्रावणी सोमवारी भीमाशंकरला चारही दांड्या असताना आजीला घरबसल्या दर्शन घडवण्याचा बेत फसतो, कारण तोच बेत रांगेतल्या हजारोंनी केलेला असतो. गावात लाइट गेली की हेच लहान प्रमाणावर घडते: राउटर विझतो, सगळे घर मोबाईल डेटावर येते, सगळा गाव येतो, आणि बॅटरीवर टिकून राहिलेला टॉवर माणसांच्या भाराने बसतो. राउटरला वीज अत्यल्प लागते, त्याच्यासाठी हाताच्या पंजाएवढी बॅटरीची पेटी मिळते आणि ती इन्व्हर्टरपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. पण लाइट आली की आठवण जाते.

दोष आत की बाहेर हे ओळखण्यास फार विद्वत्ता लागत नाही. फोन घेऊन राउटरच्या अगदी जवळ जावे. बोलणे सुधारले तर अपराधी कपाट किंवा भिंत आहे. सुधारले नाही तर वायफाय बंद करून मोबाईल डेटावर तोच कॉल लावावा. आता सुधारले तर अपराधी घराबाहेर पडणारी तार आहे, आणि तरीही सुधारले नाही तर समोरच्याला हीच परीक्षा नम्रपणे सुचवावी, कारण कपाटे पुण्यातही आहेत. राउटर बंद करून पुन्हा चालू करण्याच्या लोकप्रिय उपचाराला अंधश्रद्धा म्हणता येत नाही; महिनोन् महिने चालून त्याच्या स्मृतीत साचलेल्या जुन्या नोंदी त्याने पुसल्या जातात आणि कंपनीकडून पत्ता नव्याने मिळतो, मात्र बटण दाबल्यावर दोन-तीन मिनिटे धीर धरावा लागतो आणि त्या काळात ‘आलं का?’ असे विचारल्याने तो लवकर उठत नाही. ज्या खोलीत रोज काम चालते तेथे लॅन केबल, म्हणजे आत आठ तारांच्या चार जोड्या पिळलेली जाड तार, एकदाच ओढून घेतली तर भिंतींचा प्रश्नच मिटतो.

घराबाहेरच्या तारेला मात्र दोनच खरे शत्रू. एक रस्त्याकडेला चर खणणारा जेसीबी, ज्याचा दात एका झटक्यात दहा गावांचा फायबर उचलतो आणि ज्याच्या बाबतीत ‘वरून’ म्हणजे जमिनीखाली तीन-चार फुटांवरून असा अर्थ घ्यावा लागतो. तुटलेली टोके साफ करून, केसाएवढे काचेचे धागे यंत्रात समोरासमोर धरून ठिणगीने वितळवून जोडणारा माणूस येईपर्यंत काहीही करता येण्यासारखे नसते, आणि तो आला की बघ्यांची गर्दी जेसीबीइतकीच होते. दुसरा शत्रू म्हणजे घूस. तिला काचेच्या धाग्यात गोडी नसते, वरचे प्लास्टिक ती दात घासण्यासाठी कुरतडते, आणि धागा पूर्ण न तुटता नुसता दुमडला तर प्रकाश थोडा गळतो, थोडा पोहोचतो, सकाळी बोलणे होते आणि संध्याकाळी होत नाही, असा चकवा महिनाभर चालतो. विलंब, जिटर आणि पॅकेट लॉस यांच्या मर्यादा आंतरराष्ट्रीय संस्थांनी कोष्टकांसह ठरवून दिल्या आहेत. घुशीच्या बाबतीत घरमालक आणि केबलवाला यांनीच आपसात काय ते ठरवायचे असते, आणि तिचा खर्च दर महिन्याच्या बिलात धरलेला नसतो.